पुस्तकांची भिंत

टीव्हीच्या स्टुडिओत चर्चेमध्ये जाहिराती लागल्या तशी पाहुण्या बाईंची नजर खुर्चीमागच्या पुस्तकांच्या भिंतीवर गेली. तिथे त्यांचंच पुस्तक! मुलींच्या शाळेसाठी गावाशी भांडल्या त्याची हकीकत. बाजारात मिळेना, घरची प्रत कुणी नेली ती नेलीच. बाईंनी हात घातला. "ओढू नका, चिकटवलंय!" सजावटवाला ओरडेपर्यंत पुस्तकाची नाव छापलेली पाठ तेवढी हातात आली. मागे नुसतं प्लायवूड. "पानं कुठायत?" "फळी दोन बोटांची, पुस्तकं मावेनात. करवतीने पाठी कापल्या, बाकीचं रद्दीत." "अहो, एकच उरलं होतं ते!" "आधी सांगायचंत, बाई! दुसरं कापलं असतं." त्याने खुर्ची सरकवून भिंतीतलं भोक बाईंच्या डोक्याआड घेतलं. "मान हलवू नका, भोक दिसेल." लाल दिवा लागला. निवेदिका हसली, "बाई, पुस्तकांनी समाज बदलतो ना?" पुठ्ठा मुठीत आवळून, मान ताठ ठेवून बाई म्हणाल्या, "हो तर."