पायाच्या अंगठ्याचा टॅग

बाबांनी दुसरा ठसाही उलटा मारला. पानाचा देठ वर, टोक खाली. पक्ष्याचे पाय तर आधीच आभाळाकडे गेले होते.

"बाबा, द्या इकडे," लेक म्हणाली. "मी मारते."

"माझं मला करू दे." परीक्षेत पोरं पेपर झाकतात तसा त्यांनी टॅग तळहाताआड घेतला.

शवागाराच्या ऑफिसात टेबल एकच होतं. त्यावरच्या फायली कारकुनाने आपणहून खाली ठेवल्या होत्या. आता तिथे आईचा पत्र्याचा डबा उघडा पडला होता. रबरी ठसे, शाईच्या गाद्या, जलरंगाच्या वड्या, स्पंजचे तुकडे, रिबिनी. भिंतीपलीकडच्या थंड खोलीत आई होती. सकाळी गेली. तिच्या पायाच्या अंगठ्याला कुणीतरी सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता. त्यावर बॉलपेनने नंबर, तोही खाडाखोड करून. ते बघून बाबा एवढंच म्हणाले, "हे चालायचं नाही." मग घरी जाऊन डबा घेऊन आले.

यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही, हेच नवल. आई जन्मभर भेटवस्तूंचे टॅग करत आली. लोक आतली वस्तू दुसऱ्याला देऊन टाकत आणि टॅग जपून ठेवत. कारकुनाने नियमावली चाळून पाहिली. अंगठ्याला टॅग हवा, असं त्यात होतं. तो कुरूपच हवा, असं कुठेही नव्हतं.

"नंबर तेवढा दिसला पाहिजे," तो म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढून बसला. तेव्हापासून त्याच्याइतका कुणीच रंगला नव्हता.

"काका, कोपरा रिकामा वाटतोय. एखादं फुलपाखरू घ्या की."

"फुलपाखरू नको हो," मावशी म्हणाली. ती आईची धाकटी बहीण. रडून रडून तिचा घसा बसला होता, पण तोंड थांबत नव्हतं. "ताई म्हणायची, ज्याला काही सुचत नाही तो फुलपाखरू मारतो."

"मग फुलपाखरूच," बाबा म्हणाले आणि मारलं. ठशाला शाई नीट लावलीच नव्हती. एक पंख उमटला, दुसरा राहून गेला.

"एका पंखाचं," कारकून हळहळला.

लेकीने ओठ आवळले. बाबांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला होता. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणारी ती बोटं. आईच्या टॅगांना भोकं तेच पाडायचे, कारण दुसऱ्या कुणाचं भोक आईच्या पसंतीला उतरत नसे. दुःखाने माणूस एका सकाळीत खचतो, हे लेकीने पुस्तकांत पुष्कळदा वाचलं होतं. समोर बसून बघायची वेळ पहिल्यांदाच आली होती. फक्त एक गोष्ट तिला कळत नव्हती. बाबांचा हात अजिबात थरथरत नव्हता.

त्यांनी ओल्या शाईवरच हिरवा रंग फिरवला. त्यावर तपकिरी. दोन्ही मिळून व्हायचा तो शेणाचा रंग झाला. मग त्यांनी गाल फुगवले.

"फुंकर नको, बाबा! शाई पसरेल."

शाई पसरली. पक्ष्याला मिशा फुटल्या.

"अहो भावोजी, शोभतं का हे?" मावशी कळवळली. "आमच्या ताईला हे? एवढी तापाने फणफणलेली असताना पलंगावरून उठली होती ती, आठवतंय ना? शेजारणीच्या पुडक्यावरचा टॅग वाकडा होता म्हणून! डॉक्टर बिचारे सुई धरून तसेच उभे."

बाबांनी मान हलवली आणि पंच हातात घेतला. भोक इतकं कडेला पाडलं की कारकुनाने डोळेच मिटले. उरलेल्या जागेत त्यांनी नंबर लिहिला, पक्ष्याच्या पोटावरून, तिरका. मग डब्याच्या तळातून एक चकचकीत सोनेरी रिबीन उपसून काढली. आईला ती कुणीतरी दिली होती. तिने ती वापरली नव्हती, आणि देणाऱ्याशी पुढे फारशी बोललीही नव्हती.

"झाला," बाबा म्हणाले. त्यांनी टॅग उजेडात धरून उलटसुलट न्याहाळला. चेहऱ्यावर समाधान होतं, जन्माचं बंद पडलेलं घड्याळ चालू झाल्यासारखं.

कारकुनाने किल्ली घेतली. थंड खोलीचं दार उघडलं. गारठा पायांवरून सरकत बाहेर आला.

लेक दारात आडवी उभी राहिली. दिवसभर तिने आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही.

"बाबा, मी पाया पडते. तिला हे लावून पाठवू नका. कागद आहे, ठसे आहेत, मी आत्ता नवा करते. तिला आवडेल असा करते. शेवटचा तरी चांगला जाऊ दे."

बाबांनी टॅग छातीशी धरला. रंग ओलाच होता, सदऱ्याला लागला. मावशीला ऐकू जाऊ नये म्हणून ते लेकीच्या कानाशी वाकले.

"चांगला बघितला तर पडून राहील गं ती," ते कुजबुजले. "खराब टॅग बघून तुझी आई आजवर कधी झोपून राहिली आहे का? सरक. आणि कात्री हाताशी ठेव, उठल्या उठल्या मागेल."