तीन गाठींचा डबा

पट्टी मातीत जराशी रुतवली की रोप अर्ध्या सेंटिमीटरनं खुजं होतं. तिनं निळ्या खुणेच्या कुंडीत पट्टी रुतवली, आकडा वहीत लिहिला आणि पुढच्या कुंडीकडे वळली. ही कुंडी लाल खुणेची होती. तिथे पट्टी मातीला जेमतेम टेकली.

टोमॅटोची दोनशे रोपं. शंभर लाल, शंभर निळी, तीही चिठ्ठ्या टाकून वाटलेली. लाल रोपांना लाल डब्यातली पावडर, निळ्यांना निळ्या डब्यातली. एकात वाढीची नवी पावडर आणि दुसऱ्यात नुसती चाळलेली राख. दिसायला दोन्ही सारखीच. कशात काय आहे ते मोजणारीला कळता कामा नये, असा संशोधन संस्थेचा नियम होता.

तिला कळलं होतं. आकडेवारीच्या बाईंना सगळी संस्था पाठीमागे शंकाबाई म्हणायची, कारण त्या स्वतःच्या पेन्सिलीसुद्धा कुलपात ठेवत. पण पहिल्याच आठवड्यात त्यांची वही टेबलावर उघडी राहिली. ‘लाल – नवी. निळा – राख.’ तिनं ते वाचलं. ती नवी पावडर तिच्या वडिलांची होती.

तिला नोकरीला लागून चारच महिने झाले होते आणि लग्नानंतर आडनावही बदललं होतं. संस्थेत कुणाला काही पत्ता नव्हता. बाबांची तशी सक्त ताकीदच होती.

“वशिल्याची पावडर मला नको. नाही चालली तर नाही चालली, पण खरं काय ते एकदा कळू दे.”

“पण बाबा, मोजणारी मीच आहे.”

“मग बरंच झालं की! तुला कुठे ठाऊक असणार कशात काय ते? आणि तू मोजशील ते नीटच मोजशील.”

बाबांनी अठ्ठावीस वर्षं औषधांच्या कारखान्यात नोकरी केली आणि उरलेला सगळा वेळ मागच्या खोलीत या पावडरीला दिला. “माझी सवत डब्यात राहते,” असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आता आई नव्हती, बाबांची नजरही जवळजवळ गेली होती. पावडर तेवढी राहिली होती. संस्था एका अर्जाला एकदाच संधी देते. अर्ज मंजूर झाला तेव्हा बाबांनी डबा सुतळीनं बांधला, चाचपत तीन गाठी मारल्या आणि शेजाऱ्याचा हात धरून स्वतः नेऊन दिला.

तिला जेवण जाईना. समोर बसलेले बाबा विचारायचे, “कामाचा ताण आहे का गं?” ती नाही म्हणायची आणि भाताशी चाळा करत बसायची. स्वतःची लाज वाटायची.

पाचव्या आठवड्यात तिनं ठरवलं, बास झालं. त्या दिवशी एकाही कुंडीत पट्टी रुतवली नाही. लाल आणि निळी रोपं सारखीच भरली. ती हादरली. म्हणजे बाबांची पावडर चालतच नव्हती. तिनं त्या दिवसाचं पान फाडलं आणि दुसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा रुतवून मोजलं.

निकालाला बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले. ती मोजणीची वही छातीशी धरून भिंतीपाशी उभी राहिली.

“आम्ही आधी धरून चालतो की दोन गटांत काहीच फरक नाही,” शंकाबाई म्हणाल्या. “मग आकड्यांना म्हणतो, पाडा आम्हाला खोटं.”

“मग पाडलं का?” बाबा खुर्चीत पुढे सरकले.

“सपशेल. खरोखर फरक नसेल, तर नुसत्या योगायोगानं असे आकडे यायची शक्यता हजारात एकसुद्धा नाही.”

बाबा खिशात रुमाल शोधायला लागले. तिच्याच्यानं ते बघवेना. आत्ताच सगळं सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण रुमाल सापडला, बाबांनी डोळे पुसले आणि ती पुन्हा भिंतीला टेकली.

“म्हणजे हा योगायोग नाही,” बाबा हसून म्हणाले.

“नाही. हे कुणीतरी केलंय.”

शंकाबाईंनी उठून कपाटाचं कुलूप काढलं.

“नवीन मोजणारी असली की पहिली फेरी मी तिचीच घेते. वही उघडी ठेवते आणि दोन्ही डब्यांत राख भरते. फरक दिसला नाही, तर अर्जदाराची पावडर पुढच्या फेरीत वापरायची. दिसला, तर त्याचं कुणीतरी आत बसलंय असं समजायचं. मग अर्ज बाद.” त्यांनी एक डबा बाबांसमोर ठेवला. “हा तुमचा. घेऊन जा.”

बाबांनी डबा चाचपला. सुतळीवरून बोटं फिरवली. एक, दोन, तीन. मग त्यांनी भिंतीच्या दिशेनं तोंड वळवलं.

“पोरी, या माझ्याच गाठी आहेत गं. कुणी सोडल्याच नाहीत.”