तिला कमी ऐकू येतं

“सूप आणखी वाढू का?” साहेबांची बायको पाहुणीच्या कानाशी वाकून ओरडली, आणि समोर बसलेल्या कुलूपवाल्यानं चमचा खाली ठेवला.

“नको,” ती म्हणाली. नजर टेबलावरच्या कापडाच्या चौकटींवर, आणि मांडीवरच्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला टेकवणं चालू.

कुलपांच्या कारखान्यात विक्रीचं काम करायचा म्हणून त्याला सगळे कुलूपवाला म्हणत. बोलण्यात भलता पटाईत. गिऱ्हाईक नको नको म्हणत असताना त्याच्या गळ्यात तीन कुलपं मारणारा गडी! ती मात्र बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, ओल्या कागदावर फुटलेले कोंब दिवसभर मुकाट मोजणारी. पुढच्या महिन्यात दोघांचं लग्न होतं.

आपण स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक आहोत, हे तिनं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं, आपली उंची सांगावी इतक्या सहज. “मोठा आवाज मला दुखतो. दात दुखतो ना, तसा. आणि मला खोटं बोलता येत नाही.” तिथेच तो तिच्यावर भाळला. लग्न ठरलं तेव्हा ती आणखी एक म्हणाली होती, “माझी लाज वाटली तर सांग. मी रागावणार नाही. पण मग लग्न करणार नाही.”

“लाज? तुझी?” तो छातीठोकपणे हसला होता.

आणि मग काय झालं? कचेरीतल्या लंबूनं तिला एकदा रस्त्यात हाक मारली, तिनं मानही वर केली नाही. दुसऱ्या दिवशी लंबू सगळ्यांदेखत म्हणाला, “तुझी होणारी बायको भारीच शिष्ट दिसते रे!” कुलूपवाल्याचे कान तापले. खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. पण तोंडातून निघालं ते असं, “शिष्ट कसली! तिला कमी ऐकू येतं.”

झालं. लंबूला कळलं म्हणजे कचेरीला कळलं, आणि साहेबांनी तर दोघांना रविवारी दुपारी जेवायलाच बोलावलं, सोबत लंबूलाही.

आता ही भली माणसं जीव लावून ओरडत होती.

“प्रयोगशाळेत काय काम असतं?” साहेब गरजले.

तिचे खांदे कानांपर्यंत वर आले. “बिया मोजते. शंभरातल्या किती रुजल्या ते बघते.”

“अरे वा! छान!” लंबू बोंबलला. बोंबलून झाल्यावर तो उगाच आपल्या ताटात बघत बसला.

बाकी घर चिडीचूप होतं. टीव्ही बंद, कुत्रा मागच्या अंगणात, खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे चढवलेले. फरशीवर ओरखडे नकोत म्हणून असतील, कुलूपवाल्याला वाटलं. बाई टापटिपीची दिसते.

त्याला स्वतःची शिसारी येत होती. ‘हळू बोला, तिला ऐकू येतं,’ एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं की साहेबांसमोर खोटारडा ठरणार, आणि तिलाही सगळं कळणार. म्हणजे लग्न गेलं. साहेबांची बायको “तुझे कान...” असं काहीतरी बोलू लागली, तर यानं मुद्दाम पाण्याचा पेला लवंडला. ‘आणखी अर्धा तास,’ तो मनाशी म्हणाला, ‘मग निभावलं.’ आणि होणाऱ्या बायकोच्या ओठांचा रंग उडताना नुसता बघत राहिला.

निघताना साहेबांच्या बायकोनं तिचा हात बराच वेळ हातात धरला. याच्याशी मात्र ती धड बोललीही नाही.

दोघं रस्त्यावर आल्यावर ती भिंतीला टेकली, दोन्ही तळहात कानांवर दाबून. त्याच्यानं बघवेना.

“मी चुकलो गं,” तो म्हणाला. “मी त्यांना सांगितलं होतं की तुला...”

“माहीत आहे.” तिनं हात खाली घेतले. “नव्या घरी जायच्या आधी मी फोन करून विचारते. किती माणसं आहेत, बेल कशी वाजते. साहेबांच्या बायकोलाही गुरुवारी केला. ती म्हणाली, अगंबाई, तुला तर चांगलं ऐकू येतंय! मग मी तिला सगळं सांगितलं.”

“म्हणजे... सगळ्यांना माहीत होतं?”

“सगळ्यांना. लग्नाचंही मी गुरुवारीच ठरवलं. नाही करायचं. रागावलेली नाहीये.”

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. “मग आज आलीस कशाला? आणि माहीत असून ते ओरडत का होते?”

“ते हळूच बोलणार होते,” ती म्हणाली. “मीच म्हटलं, ओरडा. त्याला सगळ्यांसमोर लाज वाटायला नको.”