फ्रीजच्या आडोशाला

त्या वर्षी आमच्या ट्युनिसमध्ये रमजान भर उन्हाळ्यात आला होता. शेजारच्या दलेंदाने आपल्या सुनेला, इम्नाला, भरदुपारी फ्रीजच्या आडोशाला उभ्याने पाव खाताना पाहिलं आणि पाय न वाजवता ती तशीच माझ्याकडे धावत आली.

"आजी होणार गं मी! गरोदर बाईला रोजा माफ असतो ना!"

"अगं, पाळीतही असतो की," मी म्हटलं.

"तेव्हा ती लाजून पाण्याखेरीज काही तोंडात घालत नाही. सात वर्षं बघतेय मी!"

संध्याकाळी रोजा सोडायला तिने आम्हा शेजारणींनाही बोलावलं. पहिली गरम तळलेली ब्रीक सगळ्यांदेखत सुनेच्या ताटात वाढली.

"खा बाई, पोटभर खा. आता दोन जिवांची आहेस. दुपारी पाहिलं मी तुला."

इम्नाने मान खाली घातली. तिचं बोलणं ऐकायला आम्हाला श्वास रोखावा लागला.


"पाळीच्या कळांवर औषधवाल्याने आयबुप्रोफेन दिलंय, सासूबाई. उपाशीपोटी घ्यायचं नाही म्हणाला."