एकोणिसावं नाव

अठरा नावं घडाघडा आली आणि एकोणिसाव्याला निहाल खांची जीभ पुन्हा अडली.

त्याने परत पहिल्यापासून धरलं. उंटाच्या पावलांच्या ठेक्यावर एकेक नाव सुटत गेलं. सतरावे हरभम, अठरावे लाखणसी, आणि पुढे नुसती वाळू. त्यापलीकडे विसावे अमरसिंह स्वच्छ उभे होते. सत्ताविसाव्यापर्यंत सगळे ओळीत होते. मधला एक तेवढा उठून गेला होता.

निहाल मांगणियार होता. त्याच्या सात पिढ्यांनी भोमसिंह ठाकुरांच्या घराण्यापुढे कमायचा वाजवला होता आणि जन्मा-लग्नाला त्यांच्या पूर्वजांची नावं गायली होती. भाटाकडची वंशावळीची वही कधीच वाळवीने खाल्ली. निहालच्या भावाला सगळं तोंडपाठ होतं, पण तो मागच्या थंडीत गेला. मुलगा जैसलमेरच्या हॉटेलात पाहुण्यांना गाणी ऐकवायचा. त्याला स्वतःच्या पणजोबाचं नाव विचारलं तरी डोकं खाजवत बसला असता. राहता राहिला निहाल, आणि त्याच्या डोक्याचं हे असं झालेलं.

एरवी एक नाव गिळून पुढे जाता आलं असतं. पण आज ठाकुरांच्या पहिल्या नातवाचं बारसं होतं. पहिल्या नातवाला वरच्या नवव्या पुरुषाचं नाव द्यायचं, ही त्या घराण्याची रीत. सत्ताविसावा म्हणजे बाळाचा बाप, आणि त्याच्यापासून वर मोजत गेलं की नववा म्हणजे नेमका एकोणिसावा.

सकाळी निघताना रहमीने बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून दिली होती. गेले चार दिवस नवऱ्याचं पुटपुटणं ऐकून तिचे कान किटले होते.

"द्या की काहीतरी ठोकून," ती म्हणाली. "कोण मोजायला बसलंय?"

"पोराला जन्मभर वागवायचंय ते नाव. आणि ज्या जिभेने खोटं नाव घेतलं, त्याच जिभेने मी कलमा म्हणू?"

"मग सरळ सांगा ना ठाकुरांना, आठवत नाही म्हणून."

तो फडकं घेऊन उंटाकडे वळला. नावं विसरलेला मांगणियार म्हणजे दारात वाद्य घेऊन बसलेला भिकारी. हे बायकोला सांगायची त्याला लाज वाटली.

सहा कोसांची वाट संपता संपत नव्हती. उंटही थकला होता, मागचा डावा पाय ओढत चालत होता. तीन दुष्काळी वर्षांनंतर पाऊस झाला, त्या दिवशी तो जन्मला होता, म्हणून घरात त्याचे फार लाड झाले. लेकीने हौसेने त्याचं नावही ठेवलं होतं. पुढे ती सासरी गेली. निहाल आपला त्याला 'अरे' म्हणून हाक मारायचा, आणि उंटाला तेवढं पुरायचं.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा तो पोचला. ठाकुरांच्या कोटडीत, त्या बैठकीच्या दालनात, माणूस मावत नव्हता. उंटाला बाहेर खेजडीच्या झाडाला बांधून तो आत शिरला, तर भोमसिंह ठाकूर स्वतः उठून सामोरे आले. निहालने 'हुकुम' म्हणत कमरेत वाकून मुजरा केला. पाण्याचा पेला समोर आला, तो त्याने तसाच खाली ठेवला.

भिंतीला टेकून ठाकुरांच्या आत्या बसल्या होत्या. वय नव्वदीचं, पण कान तिखट. सगळे त्यांना भुवासा म्हणत. मांडीवर बाळ होतं.

"निहाल, हळूहळू म्हण बरं," भुवासा म्हणाल्या. "ते नववं नाव मी लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकलंय. आता आठवत नाही मेलं, पण तू घेतलंस की लगेच ओळखीन. आणि चुकलास तर इथेच टोकीन."

निहालने कमायचा मांडीवर घेतला, गज तारेवर टेकवला आणि मनातल्या मनात देवाला म्हणाला, आजचा दिवस निभावून ने, पुन्हा या दारात गायला बसणार नाही.

पहिली पाच नावं. दहा. पंधरा. माणसं माना डोलावत होती. हरभम. लाखणसी.

गज थांबला.

ठाकुरांना वाटलं, म्हातारा नावाला मान देतोय. त्यांनीही हात जोडले. भुवासा पुढे वाकल्या. बाहेर खेजडीखाली उंट कंटाळून आरडला, आणि निहालच्या तोंडून नाव बाहेर पडलं.

"मेघराज!"

ते ऐकून तो स्वतःच दचकला. मग खाली मान घालून तो भुवासांच्या आवाजाची वाट पाहत राहिला.

"हेच," भुवासा म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "अगदी हेच. आजोबा सांगायचे, काय मर्द माणूस होता म्हणून!"

"त्यांच्या काळात पाऊसपाणी चांगलं झालं असणार," ठाकूर म्हणाले, आणि चारजणांनी हो म्हटलं. एकाने तर मेघराजांनी खोदलेली विहीरही सांगितली, गावाच्या कोणत्या अंगाला होती ती.

निहालचा जीव भांड्यात पडला. उरलेली आठ नावं त्याने एका दमात घेतली. भुवासांनी बाळाच्या कानाला तोंड लावलं आणि नाव ठेवलं, मेघराजसिंह. ठाकुरांनी केशरी साफा स्वतःच्या हाताने निहालच्या डोक्याला बांधला.

"तुमच्या जिभेवर आम्ही जिवंत आहोत," ते म्हणाले.

निहालने मान वर केली नाही. किती नम्र माणूस, असं लोक आपसात बोलले.

जेवायला थांबायचा आग्रह झाला, पण वाट लांबची आहे म्हणून तो उठला. खेजडीखाली उंट पाय मुडपून रवंथ करत बसला होता. निहालने वेसणीची दोरी सोडली, कोटडीकडे एकदा वळून पाहिलं, मग साफा सावरून तो उंटापुढे कमरेत वाकला.

"उठा, मेघराज हुकुम," तो हळूच म्हणाला. "घरी चला."