खोक जरा

"खोक," नवरा म्हणाला.

ती खोकली. बेंबीच्या वर, जुन्या टाक्यांच्या रेघेवर, लिंबाएवढा फुगवटा वर आला आणि नवऱ्याच्या तळहाताखाली परत आत गेला.

"आता मला बघू द्या. आई, परत खोक." मुलीने बापाचा हात बाजूला सारून आपला ठेवला.

ती परत खोकली. सकाळपासून हेच चाललं होतं. घरात दोन सर्जन, पोटं शिवण्यात दोघंही पटाईत, आणि कोचावर टी-शर्ट वर करून आडवी पडलेली ती. ऑपरेशन परवावर आलं होतं आणि हर्नियाची जाळी या वेळी कुठे बसवायची, यावर बापलेकीचं अडलं होतं.

नवऱ्याने तिच्या डोक्याखालची उशी ओढून घेतली आणि अभ्र्यावर रुमाल पसरला. "हा अभ्रा म्हणजे स्नायू. भोक शिवायचं, वरून जाळी टाकायची, चारी बाजूंनी टाके. तासाभरात माणूस टेबलावरून खाली. जन्म गेला माझा हे करण्यात."

"आणि खोकलं की पोटातला दाब तीच जाळी वर ढकलतो." मुलीने रुमाल उचलून अभ्र्याच्या आत सरकवला. "इथे ठेवा, स्नायूंच्या खाली. मग तोच दाब तिला जागेवर बसवतो. मागच्या वेळी आईच्या कातडीखाली पाणी साचलं होतं, विसरलात?"

"खाली जायचं म्हणजे स्नायू सोडवत बसा. रक्तस्राव झाला तर?"

"ज्याला सोडवता येत नाहीत, त्याने करूच नये."

नवऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मागची जाळी त्यानेच बसवली होती. पद्धत चुकली म्हणावं की हात चुकला म्हणावं, दोन्ही त्याला परवडणारं नव्हतं. मग उरलं कोण?

"जाळीचा दोष नाही," तो म्हणाला. "हिला तीन महिने आराम सांगितला होता. ही दुसऱ्याच महिन्यात मैदानावर. शाळेची पोरं पळवायची, वर शिट्ट्या फुंकायच्या. कुठली जाळी टिकेल?"

"ते मात्र खरं हं, आई," मुलगी म्हणाली.

इतक्या वेळात दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती कुशीवर वळली आणि पोटाला हात लावून उठली. हात लावल्याशिवाय तिला हल्ली उठताच येत नव्हतं.

"अगं, थांब. अजून एकदा खोक."

"खोकून खोकून घसा बसला माझा. मी काय तुमच्या वर्गातला सांगाडा आहे?"

पण दोघं केव्हाच उशीवर वाकले होते. रुमाल वर, रुमाल आत, पुन्हा वर. दाराच्या खुंटीवर तिची शाळेची शिट्टी होती. ती तिने काढली, डावा हात पोटावर घट्ट दाबला आणि फुंकली.

दोघं ताडकन ताठ झाले.

"वेड लागलंय का तुला?" नवरा ओरडला. "आत्ताच सांगितलं ना..."

"काय सांगितलंत? टाके बघून तुम्हीच म्हणालात, ठणठणीत आहेस, जा शाळेत. म्हणून गेले. आणि तू गं, त्यात मान डोलावतेस? पोट माझं, दुखतं मला, आणि चूकही माझीच?"

तिने शिट्टी दोघांसमोर धरली.

"वर ठेवा नाहीतर खाली ठेवा. मला एवढंच सांगा. पोटाला हात न लावता ही शिट्टी मला कधी वाजवता येईल? कुठल्या जाळीने?"

"म्हणजे, हर्निया परत होण्याचं प्रमाण बघितलं तर..." मुलगी म्हणाली.

"ते नाही विचारलं मी."

मुलीने बापाकडे पाहिलं. बाप रुमालाची घडी घालायला लागला होता.

"मग परवाचं ऑपरेशन राहू दे," ती म्हणाली. "मला काय करता यायला हवं, हे आधी विचारणारा कुणी भेटला, तर त्याच्यासमोर आडवी होईन."

इतकं मोठ्याने बोलल्याने तिला ठसका लागला. खरा खोकला आला, थांबेना. दोघांचेही हात सवयीने पुढे आले.

तिने ते झटकून टाकले आणि पोटावर आपला हात ठेवला.