कापायला उशीर

"सिर्काबाई, कापायला उशीर केलात!" हेलसिंकीच्या प्रयोगशाळेत साहेब, काउको, खेकसला. उंदराच्या गर्भात मूत्रपिंड घडतं ते दोन ऊतींच्या शेजारामुळे. शेजारीण काढून घेतली की दुसरी ऊती मरते, एवढंच सिर्काला दाखवायचं होतं. पण बशीतला एकटा तुकडा खुशाल नळ्या विणत बसला होता. "शेजारणीचा निरोप आधीच पोचलाय त्याला. आता तोडलंत तरी तो मूत्रपिंडच होणार!"

सिर्काचं चित्त थाऱ्यावर राहिना. ती तडक आईकडे गेली. युद्धात डोक्यावर बॉम्ब पडत होते, तेव्हा आईनेच तिला आणि तिच्या भावाला, पाउलीला, गळ्यात पत्ता अडकवून स्वीडनच्या गाडीत कोंबलं होतं. सिर्का परतली. पाउली तिकडचाच झाला.

"आई, मला पाठवलंस तेव्हा मी केवढी होते?"

"पाच वर्षांची. माझंच गाणं मला म्हणून दाखवत गेलीस." आईने कॉफी ओतली. "पाउलीही येईल बघ. आईला कुणी विसरतं का गं?"

"तो केवढा होता?"

"अंगावर पीत होता. ओढून काढावा लागला."

"येईल की," सिर्का खोटं बोलली.